टीएमआरएम वापरतोयस? मग एवढं लिहूनच टाक

टीएमआरएम म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं विभवांतर (पटलावरचं व्होल्टेज) दाखवणारा चमकणारा रंग. ‘टीएमआरएमने पेशी रंगवल्या’ एवढ्यावर पेपरातला मेथड्सचा भाग उरकू नकोस. रंगाचं प्रमाण नॅनोमोलरमध्ये लिही, सगळी मेख तिथेच आहे. २० नॅनोमोलरला मायटोकॉन्ड्रियाचं विभवांतर घसरलं की चमक कमी होते. शंभरच्या बरंच वर गेलं की रंग आत दाटून स्वतःलाच विझवतो, आणि मग विभवांतर घसरल्यावर चमक उलट काही काळ वाढते! प्रमाणच दिलं नाहीस तर तुझा आलेख कुणी कसा वाचायचा?

रंग किती मिनिटं ठेवला, इमेजिंगच्या वेळी माध्यमात होता की धुऊन काढला, एक्स्पोजर, तापमान, डीएमएसओ (रंग विरघळवायचं द्रावक) किती टक्के, हेही दे. लेसरची ताकद मात्र टक्क्यांत नको. ऑब्जेक्टिव्हपाशी (सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्याकडच्या भिंगापाशी) मोजून मिलिवॅटमध्ये लिही. एफसीसीपीचा (विभवांतर घालवणाऱ्या रसायनाचा) कंट्रोल तर हवाच, रिव्ह्यूअर आधी तोच शोधतो.