थेट शिक्षकांनाच शिकवायचंय, मग वर्गावर जायलाच हवं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव टाकू नका म्हणालीस, म्हणून नुसतं 'तू' म्हणते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: ही मुलगी एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे, आई जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते आणि बरीच वर्षं तालुक्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारी, म्हणून जाते. एकदा ही सोबत गेली, चाळीस-पन्नास शिक्षक आईशी तावातावाने वाद घालताना, हसताना, पेन काढून लिहून घेताना पाहिले आणि तेव्हापासून हिला हेच करायचंय. पण वर्गातली पोरं नकोत, वह्या तपासणं नको, पालकसभा तर नकोच. 'मॅडम, डायरेक्ट ट्रेनर होता येतं का, कुठला कोर्स आहे? आई म्हणते आधी दहा वर्षं शाळेत उभी राहा, मला ती वाया गेल्यासारखी वाटतात.'

कोर्स आहेत, खाली सांगते. पण मी बरीचशी आईच्या बाजूची आहे हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे राग यायचा तो आत्ताच येऊन जाईल.

मी स्वतः १९ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, त्यातली शेवटची ११ वर्षं प्रशिक्षणं घेत हिंडले, हे मार्गदर्शन वगैरे नंतर आलं. पहिल्यांदा मला पाठवलं तेव्हा मी ७० स्लाइडचा पीपीटी करून गेले होते. हॉलमध्ये चालू प्लग एकच, प्रोजेक्टर लावायचा तर पंखा बंद, आणि महिना मे. तरी मी रेटून नेलं. जेवणानंतर एक वयस्कर गुरुजी उठले, अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, सगळं पटलं, पण माझ्याकडे पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते, मी हे कुणाला आणि कधी करू?" मी काय बोलावं? म्हटलं, वेळेचं नियोजन करा. कुणी काही बोललं नाही, फक्त मागच्या रांगेतल्या बायका पर्सा आवरायला लागल्या, आणि तेव्हा जेमतेम तीन वाजले होते. मी कधी बहुवर्ग शिकवला नव्हता, बघितलासुद्धा नव्हता, आणि ते त्यांना माझ्या एका वाक्यात कळलं. शिक्षकांना ते कळतंच गं. पोरं एकवेळ फसतील, शिक्षक नाही फसत.

आता तुला आईच्या प्रशिक्षणात जे आवडलं ना, ते कशातून येतं ते एका उदाहरणाने सांगते. हे माझं हक्काचं सेशन, बऱ्याच तालुक्यांत घेतलंय. फळ्यावर फक्त एवढंच लिहायचं: सव्वादोन भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, किती जणांना पुरतील? पीपीटी नाही काही नाही, वर्तमानपत्राचे गोल कापून गटागटात वाटायचे. पाच मिनिटांत हॉलमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते साडेचार, कारण त्यांनी अपूर्णांक उलटा करून गुणलाय, ९/४ गुणिले २, १८/४, झालं. दुसरी पार्टी भाकऱ्या कापून बसलेली असते, ती म्हणते चार जणांना दिल्या आणि पाव उरली, म्हणजे सव्वाचार. हे लोक वर्षानुवर्षं अपूर्णांकांचा भागाकार शिकवत आलेत हं, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं, आवाज चढतात. मी गप्प बसते. गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते कुठल्याही कोर्सात मिळत नाही. एकदा एक गुरुजी, रिटायरमेंटला आलेले, घरी वडिलांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे अपूर्णांकांचे जुने पाढे, सगळं पाठ करून घेतलेलं, ते शांतपणे म्हणाले, "उरलीय पाव भाकरी, पण वाटा अर्ध्याचा ठरलाय ना, मग पाव भाकरी म्हणजे निम्मा वाटा." झालं! अख्ख्या हॉलला एकदम लख्ख दिसलं की पाव आणि अर्धा ही एकाच तुकड्याची दोन नावं आहेत, मोजमाप भाकरीचं धरलं तर पाव, वाट्याचं धरलं तर अर्धा. मग शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझी पोरं सव्वाचार लिहितात ती उगाच नाही लिहीत, आणि मी सरळ चूक देत होते."

हे वाक्य निघालं की माझा दिवस वसूल.

पण तो प्रश्न मला सुचला कुठून? आठवीतल्या एका पोराने चाचणीत सव्वाचार लिहिलं होतं आणि गुण का कापले म्हणून माझ्याशी भांडला होता, तिथून. माझ्याकडे एक जाडजूड वही आहे, तिच्यात फक्त पोरांच्या चुका. ०.८ पेक्षा ०.३५ मोठं, का तर ८ पेक्षा ३५ मोठे. ८ + ४ = □ + ५ मध्ये चौकटीत १२, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असंच त्यांना वाटतं. तीनशे पाच म्हटलं की ३००५. त्रेसष्ट म्हटलं की ३६, कारण कानाला आधी तीन ऐकू येतो. एकोणपन्नासला ५९, कारण पन्नास ऐकू आलं आणि नऊ. या वहीतलं एक पान उघडलं की शिक्षकांचं सेशन उभं राहतं. तू म्हणतेस वह्या तपासणं नको. अगं, कच्चा माल तिथेच असतो!

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसच्या जोडीला 'वीस तीन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? तेव्हा तू शाळेतच असशील. टीव्हीवर, विधिमंडळात, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे तेच. गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की आपल्याकडे बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, त्यात मुलं अडखळतात, दक्षिणेतल्या भाषांत तसं नाही. माझ्या हॉलमध्येही रणधुमाळी. मी वही काढली आणि विचारलं, तुमच्या वर्गात त्रेसष्टला ३६ किती जण लिहितात? पहिली-दुसरीच्या बायकांचे हात भराभर वर, आणि मराठी बुडाली म्हणून सगळ्यात जोरात ओरडणारे सर आठवी-नववीचे निघाले. माझं मत विचारशील तर, जोडशब्द पाठ व्हायलाच हवेत पण सुरुवातीला कुबडी म्हणून 'वीस तीन' काही वाईट नाही. असो, विषय भरकटला.

तुला न दिसलेली बाजू पण सांगते, कारण आई ती घरी सांगत नसणार. प्रशिक्षणाला गेलं की स्वतःच्या वर्गाचा पोर्शन मागे पडतो, मुख्याध्यापक तोंडावर 'जा जा' म्हणतात आणि मागे कुरकुरतात, सहकारी म्हणतात मॅडमना फिरायला मिळतं. मानधन हातात येतं तेव्हा ते कशाचं होतं हेच विसरायला झालेलं असतं. समोर बसलेल्यांपैकी निम्मे आदेश आलाय म्हणून आलेले, काही वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी म्हणजे नोकरीच्या १२ वर्षांनंतरच्या, काही २४ वर्षांनंतरच्या निवड श्रेणीसाठी, त्यांना प्रमाणपत्राशी मतलब, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. सकाळी हजेरी, मग लिंक भरा, पूर्वचाचणी भरा, नेटवर्क नाही, अकरा वाजले. आणि मजकूर वरून ठरलेला. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून केंद्रावर (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), म्हणजे पुण्यात विरजण लावलं तेव्हा दही असतं, केंद्रावर पोचेपर्यंत ताक, तेही पाणी घातलेलं.

मला स्वतःला मोठ्या हॉलपेक्षा छोटं काम जास्त भावलं. जपानमध्ये शिक्षक एकच पाठ मिळून तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून शिक्षकाकडे नाही तर पोरांकडे बघतात, मग सगळे बसून बोलतात. आम्ही चार शाळांच्या पाच जणींनी वर्षभर हे करून बघितलं. परिघाच्या एका पाठाला माझ्यासमोरची एक मुलगी दोऱ्याने परीघ मोजायचा सोडून शेजारणीच्या वहीतला आकडा उतरवत होती, आणि शिकवणाऱ्या बाईंना वाटत होतं वर्ग मस्त चाललाय. ते एक दृश्य दहा व्याख्यानांना भारी.

आता तुझा मूळ प्रश्न. डायरेक्ट जाता येतं का? तांत्रिकदृष्ट्या हो. संस्था आहेत ज्या तरुण मुलामुलींना घेतात, पालघर जिल्ह्यात वाड्याकडे क्वेस्ट आहे, प्रथम आहे, पण चांगल्या संस्था तुला आधी वर्गावरच उभी करतील, म्हणजे पळून पळून तिथेच. बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षणातलं एम.ए. आहे. मुंबईत मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, तिथे गणित कसं शिकलं जातं यावर पीएच.डी. करता येते, तुझं गणित खरंच पक्कं असेल आणि प्रश्नांच्या मागे लागायची सवय असेल तर तो रस्ता नजरेआड करू नकोस. सरकारी बाजूला डाएट (जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था) आणि एससीईआरटी (तीच राज्य पातळीवरची), तिथली पदं वेगळी, पात्रता वेगळी, जाहिरात निघेल तेव्हा शब्द न् शब्द वाच, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. काम मात्र वाढणार आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे, ते तास कुणीतरी घ्यायलाच लागणार.

आईशी माझं एवढंच जमत नाही की दहा वर्षं कशाला. चार-पाच पुरे, पण ती नीट. आणि त्यातलं एखादं वर्ष तरी पाचवी-सहावीला शिकव, नुसती नववी-दहावी घेऊन बसू नकोस, कारण अपूर्णांक आणि दशांश तिथेच बिघडतात. पहिल्या दिवसापासून चुकांची वही ठेव, तारीख टाक, पोराचं नाव नको. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते, तिथे वीस मिनिटं मागून घे, वीसच, आणि एकच चूक घेऊन बोल. तीन-चार परिषदांत लोकच सांगतील तुला पुढे बोलवायचं की नाही. एम.एस्सी. आहेस हे मात्र तिथे सांगत बसू नकोस, माझं निरीक्षण आहे की डिग्री सांगितली की समोरचे मिटतात.

आणि एक विचारते, रागवू नकोस. तुला पोरं नकोत की शाळेतली बाकीची कटकट नको? पत्रात दोन्ही एकाच वाक्यात आलंय. कटकट नको असेल तर ती प्रशिक्षणातही आहे, वर वाचलंसच. पोरंच नको असतील, म्हणजे चौदा वर्षांचं पोर फळ्याशी अडकलं की तुला कंटाळा येत असेल, तर मग शिक्षक पण नको, ट्रेनर पण नको, तुझ्या डिग्रीला ॲक्चुअरी (विम्यातलं जोखमीचं गणित), डेटा, संशोधन असे छान रस्ते आहेत, त्यावर वेगळं लिहीन. याचं उत्तर मला किंवा कुणालाच माहीत नाही, म्हणून निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीत आईच्या शाळेजवळ रोज तासभर पाच-सहा मुलांना घेऊन बस, फुकट, महिनाभर.

त्याची वाट न बघता बी.एड.च्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म मात्र भरून ठेव. कोर्स दोन वर्षांचा आहे, सहावी ते आठवीसाठी पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागेल, सरकारी-अनुदानित भरतीला अभियोग्यता चाचणी आणि पवित्र हे भरतीचं पोर्टल, ते सगळं नंतर बघू. पण सीईटीची शेवटची तारीख मोबाईलमध्ये आजच टाक, 'अजून ठरलं नव्हतं' म्हणून ती चुकवून वर्ष घालवलेल्या दोन-तीन मुली दरवर्षी ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतात.