गुडघ्याची शस्त्रक्रिया: थांबावे की मुदत ठेव मोडावी?

आपण कळवलेली परिस्थिती अशी: वय ४७, नाशिकमध्ये स्वतःचे दुकान, गुडघ्याच्या सांध्यात कूर्चेचे (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाचे) सुटे तुकडे, चालताना मध्येच अडकणारा गुडघा, आणि दुर्बिणीद्वारे तुकडे काढण्यासाठी रुग्णालयाने सांगितलेला १,२०,००० रुपयांचा खर्च. आरोग्य विम्यातील सांध्यांच्या आजारांचा २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाल (ज्या काळात त्या आजारांच्या उपचारांचा दावा मिळत नाही) संपायला अजून ८ महिने आहेत. तोवर थांबावे की ३ लाखांची मुदत ठेव मोडावी, हा आपला प्रश्न आहे.

केवळ दाव्यासाठी थांबू नये, असे मला ठामपणे वाटते. सांध्यात फिरणारा तुकडा शाबूत कूर्चेलाही इजा करू शकतो, आणि झिजलेली कूर्चा सहसा पूर्ववत होत नाही. आठ महिने थांबल्याने नेमके काय बिघडेल, हे शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारा. या बाबतीत त्यांचाच शब्द अंतिम मानावा. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याचा गुडघा हेच त्याचे भांडवल असते.

मात्र ठेव मोडण्याआधी दोन गोष्टी तपासा. अपघातामुळे लागणाऱ्या उपचारांना हा प्रतीक्षाकाल सहसा लागू होत नाही. त्यामुळे तुकडा पॉलिसी घेतल्यानंतरच्या पडण्यामुळे सुटला असेल आणि त्या वेळची केसपेपरची नोंद असेल, तर दावा करता येईल. तशी नोंद नसताना डॉक्टरांकडून ती लिहून घेण्याचा विचारही करू नका, कारण त्याने पुढचे सगळे दावे धोक्यात येतात. दुसरे म्हणजे, आपल्या पत्नी नोकरी करतात असे आपण लिहिले आहे. कंपनीच्या सामूहिक विम्यात जोडीदाराचा समावेश अनेकदा असतो आणि प्रतीक्षाकाल बहुधा माफ असतो, तेव्हा त्यांनी एचआर विभागाकडे आजच चौकशी करावी.

दोन्ही मार्ग बंद निघाले, तरी ठेव मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढीच रक्कम बँकेकडून उचला. ठेवीवर ७ टक्के मिळत असतील आणि बँक १ टक्का जादा लावत असेल, तर १,२०,००० रुपयांवर वर्षाचे व्याज ९,६०० रुपये होईल, पण तेवढ्याच रकमेवर ठेवीचे ८,४०० रुपये मिळत राहतील. म्हणजे निव्वळ भार १,२०० रुपयांचा, आणि दरमहा थोडी फेड केलीत तर त्याहूनही कमी. वैयक्तिक कर्ज याच्या कितीतरी पट महाग पडेल.

रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी घ्या. एकदाच वापरायची उपकरणे पॅकेजमध्ये धरली आहेत का, हे विचारा, कारण ती अनेकदा बिलात वेगळी लावली जातात. फिजिओथेरपीचे पैसे आणि दुकान बंद राहील त्या दिवसांचा घरखर्च मिळून आणखी ३०,००० रुपये ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेत धरून ठेवा.