रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या, जेमतेम चारशे ओळींच्या छोट्या प्रोग्रामची फाइल 50 एमबी का होते? साइज कमी कशी करायची?

आधी एक बघा, तुम्ही मोजलेली फाइल डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) फोल्डरमधली आहे का? चारशे ओळींचा प्रोग्राम आणि 50 एमबी म्हणताय म्हणजे बहुतेक तीच असणार. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असतं आणि डीबगची सगळी माहिती आत कोंबलेली असते. आधी रिलीज बिल्ड (प्रत्यक्ष वापरायची पक्की फाइल) करा, निम्म्याहून जास्त वजन तिथंच उतरतं.

मी इथं सोलापुरात एका टॉवेल कारखान्यासाठी माग किती वेळ चालला, किती वेळ बंद होता हे मोजणारा प्रोग्राम लिहिला होता, बोर्डाची फ्लॅश 16 एमबी, त्यात लिनक्स बसल्यावर मला उरले जेमतेम 3, आणि माझी रिलीज फाइल साडेपाच एमबीची, म्हणजे बोंबललंच की सगळं.

मग कार्गो डॉट टॉमल या प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये रिलीज प्रोफाइलखाली स्ट्रिप (फंक्शनची नावं वगैरे काढून टाकणं) ट्रू केलं, एलटीओ (सगळा कोड एकत्र बघून ऑप्टिमाइझ करणं) ट्रू केलं, कोडजेन-युनिट्स (कंपायलर कोडचे किती तुकडे पाडतो ते) 16 असतात ते 1 केले आणि ऑप्ट-लेव्हल (ऑप्टिमायझेशनची पातळी) 3 ऐवजी झेड, म्हणजे साइज कमी करणारी. कधीकधी झेडपेक्षा एसनं फाइल लहान होते, त्यामुळं दोन्ही करून बघा. बिल्डला वेळ लई लागतो, चहा पिऊन येईपर्यंत चालतं, पण फाइल दोन एमबीच्या आसपास आली. स्ट्रिप केल्यावर बॅकट्रेसमध्ये (प्रोग्राम कुठं अडकला ते दाखवणाऱ्या यादीत) फंक्शनची नावं दिसत नाहीत, म्हणून स्ट्रिप न केलेली एक कॉपी स्वतःकडं ठेवा.

आता पॅनिक अबॉर्ट, म्हणजे पॅनिक (प्रोग्राम चुकीवर अडकणं) झालं की तिथंच सगळं बंद करायची सेटिंग. नेटवर प्रत्येक जण ही ओळ पण टाका म्हणतो, मी पण डोळे झाकून टाकली. बाकीच्या ओळींनी साइज आणि स्पीड बदलतो, हिच्यानं प्रोग्रामचं वागणंच बदलतं राव. सेन्सर वाचणाऱ्या कोडभोवती मी कॅच-अनवाइंड (पॅनिक पकडायची सोय) लावलं होतं, अबॉर्टमध्ये ते कामच करत नाही, कुठल्याही थ्रेडमध्ये पॅनिक झालं की अख्खी प्रोसेस खल्लास. एक वाकडं रीडिंग आलं आणि रात्रपाळीचा सगळा हिशोब गेला, सकाळी मुकादम माझ्याकडं बघतोय आणि मी बोर्डाकडं. तुमच्या कोडात (किंवा तुम्ही घेतलेल्या क्रेटमध्ये, म्हणजे तयार लायब्ररीत) पॅनिक पकडून पुढं जायची सोय असेल तर ही ओळ टाकू नका.

एवढं करूनही फाइल मोठी वाटली तर कार्गो-ब्लोट हे टूल चालवा, कुठल्या क्रेटनं किती जागा खाल्ली ते दाखवतं. माझ्यात रेजेक्स (मजकुरात नमुना शोधणारं क्रेट) निघालं, ते युनिकोडचे (जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांचे) टेबल घेऊन येतं, मला फक्त आकडे शोधायचे होते. डिफॉल्ट फीचर्स बंद करून लागतं तेवढंच चालू केलं.

यूपीएक्सच्या (प्रोग्रामची फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलच्या) नादी मी लागलो नाही. बोर्डाची फाइलसिस्टम आधीच कॉम्प्रेस केलेली, त्यावर परत दाबून काय मिळणार, वर सुरू होताना सगळं रॅममध्ये उलगडतं ते वेगळंच.