आडनाव सगळ्यांचं, दुकान कुणाचं?

प्रिय ‘पदर’,

आजोबांनी उभं केलेलं पैठणीचं दुकान. बारा वर्षं डिझाइन तू बघतेस, पण भागीदारी वडील, काका आणि चुलतभावांची. भावांनी आता त्याच नावाखाली यंत्रमागावरची सेमी पैठणी विकायला काढलीय. वडील म्हणतात, ‘तुझं लग्नात दिलं की.’ म्हणून तू विचारतेस, आजोबांच्याच नावानं वेगळं दुकान काढू का? आणि जाता जाता काकांच्या कच्च्या बिलांची खबर आयकर खात्याला देऊ का?

आधी दुसरं. गुच्ची या महागड्या चामडी वस्तूंच्या इटालियन ब्रँडच्या घराण्यात संस्थापकाच्या नातवानं नेमकं हेच केलं. पाओलोला स्वतःचा ब्रँड हवा होता, घरच्यांनी त्याला कंपनीतून काढलं. त्यानं वडिलांची, आल्दोंची, करचुकवेगिरी अमेरिकन सरकारपुढे उघडी पाडली. 1986 मध्ये 81 वर्षांच्या आल्दोंना एक वर्ष आणि एक दिवसाची कैद झाली. पाओलोला काय मिळालं? 1988 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं त्याला स्वतःचं आडनाव ब्रँड म्हणून वापरायला मनाई केली. 1993 पर्यंत तर कंपनीत एकाही गुच्चीचा हिस्सा उरला नाही. सगळे पुढे झालेल्या मॉरिझिओ गुच्चीच्या खुनाचीच गोष्ट सांगतात. मला ही भाऊबंदकी जास्त भयंकर वाटते.

कर चुकवणं चूकच. कुठल्या कागदावर तुझी सही असेल तर आजच वेगळ्या सीएला गाठ. पण सूड म्हणून तक्रार करू नकोस.

आता नावाचं. ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे, ते बघितल्याशिवाय पाटी रंगवू नकोस. सेमी पैठणी विकणं गुन्हा नाही, पण हातमागाची म्हणून विकणं ही फसवणूक आहे. तिला वेगळं नाव द्या, असा आग्रह धर. गुच्चीनंही स्वस्त कॅनव्हासचा माल दुकानोदुकानी पोचवून नावाची किंमत घालवली होती.

राहिला हिस्सा. संस्थापक गुच्चिओंनी धंदा मुलांना दिला, मुलगी ग्रिमाल्दाला वगळलं. तुझ्या वडिलांना हे जरूर सांग. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. पण दुकान भागीदारीचं असेल तर आधी करार बघावा लागतो. तो वकिलाला दाखव आणि वडील हिंडते-फिरते आहेत तोवर भागीदारी मागून घे. लग्नातल्या दागिन्यांचा हिशेब बारा वर्षांच्या कामाशी लावू देऊ नकोस. पॅरिसच्या एर्मेस या एका घराण्याच्या फॅशन कंपनीत बाहेरच्या बड्या कंपनीनं 2010 मध्ये गुपचूप 17 टक्के शेअर जमवल्याचं कळलं, तेव्हा घरच्यांनी निम्म्याहून जास्त शेअर एका कंपनीत एकत्र ठेवले आणि वीस वर्षं न विकण्याचं बंधन घालून घेतलं. रुसवेफुगवे त्यांच्यातही असतीलच, पण कागद झाला.

बोलणी होतील तेव्हा काकूंनाही बसव. इतकी वर्षं गल्ला त्याच सांभाळतात, असं तूच लिहिलंयस, आणि भागीदारीत नाव त्यांचंही नाही.

तुझी,
ताई