मल बेटावर जूनमध्ये पफिन दिसतील का?

प्रश्न: जूनमध्ये आईबाबांना घेऊन स्कॉटलंडच्या मल बेटावर जातोय, पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) दिसतील ना? आईचे गुडघे दुखतात.

उत्तर: जूनमध्ये दिसतातच, ऑगस्टच्या सुरुवातीला मात्र ते समुद्रात निघून जातात. ते बघायला बोटीने जवळच्या लुंगा बेटावर नेतात पण तिथे उतरताना ओल्या दगडधोंड्यांवरून चालावं लागतं, आईंना नकोच, शेजारच्या स्टाफा बेटावर बोटीचा धक्का आहे पण पुढे पायऱ्या खड्या आहेत हेही सांगून ठेवते. त्यापेक्षा आयोना बघा, आयर्लंडचा ख्रिस्ती धर्मप्रसारक संत कोलंबा 563 मध्ये आला ते बेट, मलवरच्या फिओनफोर्ट गावाहून फेरीने दहा मिनिटं, गाडी मलवरच ठेवायची. आणि हो, आकाशाकडे लक्ष ठेवा! ब्रिटनमधून संपलेले पांढऱ्या शेपटीचे गरुड 1975 पासून नॉर्वेहून आणून स्कॉटलंडच्याच रम बेटावर सोडले, 1985 मध्ये पहिलं पिल्लू मलवरच उडालं. रस्ते एकपदरी, पासिंग प्लेसमध्ये (समोरच्या गाडीला वाट देण्यासाठीच्या रुंद जागेत) गाडी पार्क करून फोटो काढत बसू नका, लोक जाम वैतागतात.