व्हायरसच्या इंजेक्शननं कॅन्सर जातो म्हणे, ऑपरेशन थांबवावं का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या मामाला गालाच्या आतून कॅन्सर निघालाय, तंबाखू-चुना पहिल्यापासूनच. संभाजीनगरला तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख पण मिळाली. पण फॅमिली ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला की आता व्हायरसचं एकच इंजेक्शन मारलं की गाठ विरघळते, चिरफाड नको. तवापासून मामी अन घरचे सगळे थांबा थांबा म्हणायलेत. खरंय का हे? अन घरात बारकी लेकरं हायेत, त्यांना व्हायरस लागला तर?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: आधी एक सांगतो, तारीख सोडू नका. बाकीचं मग.

मेसेजात थोडं खरं आहे आणि तिथंच घोळ झालाय. 2015 साली अमेरिकेत टी-व्हेक नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. ओठाला फोड आणणारा जो हर्पिसचा व्हायरस असतो ना तोच, फक्त त्याचे दोन जीन काढलेत, त्यामुळं चांगल्या पेशीत त्याचं फारसं काही चालत नाही, पण कॅन्सरच्या पेशीत व्हायरसला अडवायची यंत्रणाच बिघडलेली असते, तिथं तो वाढतो, पेशी फोडतो, आणि फुटलेल्या पेशीतला माल बाहेर सांडला की शरीराची इम्युनिटी त्या कॅन्सरला ओळखायला लागते. भारी आयडिया आहे, मला स्वतःला लई आवडते.

पण ते औषध आहे मेलॅनोमासाठी, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, तेही ऑपरेशननं काढता येत नाहीत अशा गाठींसाठी. गालाच्या कॅन्सरला नाही. आणि "एकच इंजेक्शन" ही तर निव्वळ थाप. पहिला डोस, तीन आठवड्यांनी शंभरपट स्ट्राँग डोस, मग दर दोन आठवड्यांनी, असं निदान सहा महिने. एवढं करून 436 पेशंटच्या मोठ्या ट्रायलमध्ये सहा महिने टिकेल असा गुण आला तो शंभरातल्या साधारण 16 जणांना. चीननं 2005 मध्ये असाच एक व्हायरस मंजूर केला, तो नाकामागच्या घशाच्या कॅन्सरला, केमोच्या जोडीला. जपानचा 2021 चा मेंदूच्या गाठीसाठी, तोही अटी घालून. मामाच्या कामाचं यात काहीच नाही. आणि हो, टी-व्हेक उणे 70 अंशाच्याही खाली गोठवून ठेवावं लागतं, तेव्हा कुणी थर्मासात घालून घरपोच आणतो म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

लेकरांचं विचारलंत ते बरोबरच. टी-व्हेक घेतलेल्याला इंजेक्शनच्या जागी आठवडाभर तरी हवाबंद पट्टी ठेवावी लागते, ती बदलणाऱ्यानं हातमोजे घालायचे, गरोदर बाईनं तर त्या जखमेला हात लावायचाच नाही. पण मामाला ते मिळणारच नाहीये, आणि कॅन्सर काही एकाचा दुसऱ्याला लागत नाही, लेकरांना खुशाल मामाच्या ताटात जेवू द्या.

गालाच्या कॅन्सरला ऑपरेशन हाच मुख्य इलाज, नंतर गरज पडली तर रेडिएशन. थांबलं की गाठ जबड्यात, मानेच्या गाठींत उतरते, मग चिरफाड कमी नाही, वाढतेच. दुसरं मत घ्यायचंच असेल तर बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, पण तारखेच्या आत जाऊन या. पुढच्या खेपेला मामीलाच सर्जनसमोर बसवा, जे काय विचारायचं ते तिलाच विचारू द्या, रेशन कार्ड-आधार सोबत न्या आणि जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला तिथंच गाठा.