पडद्यावरचा पट : वाचकांचे प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखे रोल-प्लेइंग गेम लांबच्या मित्रांबरोबर खेळायला व्हर्च्युअल टेबलटॉप, म्हणजे मॅप आणि फासे पडद्यावर आणणारं सॉफ्टवेअर, वापरतात. रोल२०, फाउंड्री आणि औलबेअर रोडिओ ही त्यातलीच तीन. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जण, सगळे नवखे. दोघांकडे फक्त फोन आहेत. रोल२०, फाउंड्री की औलबेअर रोडिओ? (रत्नागिरी)

दोघे फोनवर आहेत, म्हणजे निर्णय जवळपास झालाच : औलबेअर रोडिओ. लिंक पाठवली की खेळाडू ब्राउझरमधून आत येतात, मॅप दिसतो, टोकन (पात्राची सोंगटी) बोटाने सरकतं. कॅरेक्टर शीट (पात्राच्या आकड्यांचा तक्ता) कागदावर ठेवा. पहिल्या काही डावांत ते उलट बरंच पडतं, कारण प्रत्येकाला आपले आकडे पाठ होतात.

फाउंड्री एकदाच पैसे देऊन घ्यायचं असतं (मूळ किंमत ५० डॉलर) आणि ते फक्त गेम मास्टरने (डाव चालवणाऱ्याने) घ्यायचं, खेळाडूंना खर्च नाही. पण १३६६ बाय ७६८ पिक्सेलपेक्षा लहान खिडकीत ते इशारा देतं आणि फोनवर तर त्याच्या नादी लागूच नये. रोल२० या दोघांच्या मधलं. त्याची शीट बेरजा-वजाबाक्या स्वतः करतात, त्यामुळे सगळे लॅपटॉपवर आले की तिकडे जाता येईल.

निवड करताना गटातलं सर्वांत कमकुवत यंत्र समोर ठेवा. गेम मास्टरच्या मोठ्या मॉनिटरवर कसं दिसतं याला फारशी किंमत नाही.

प्रश्न : फाउंड्री घरच्या लॅपटॉपवर चालतं, पण मित्रांना लिंक उघडत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं आहे, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी लॅपटॉपकडे वळवली आहे. (पुणे)

आधी कुठली लिंक पाठवली ते बघा. फाउंड्री दोन लिंक दाखवतं. १९२.१६८ ने सुरू होणारी लिंक घरातल्या वायफायपुरती असते, बाहेरच्यांना दुसरी द्यावी लागते. आणि ती दुसरी लिंक स्वतःच्या वायफायवरून तपासू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी जोडणी होऊ देत नाहीत, त्यामुळे बाहेर सगळं ठीक असूनही तुम्हाला ती बंद दिसेल. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडून बघा.

तरीही उघडत नसेल तर पोर्ट ३००००, टीसीपी, हे लॅपटॉपच्या आत्ताच्या स्थानिक पत्त्याकडेच जातंय ना, ते पाहा. राउटर बंद-चालू झाला की तो पत्ता बदलू शकतो आणि कालचं फॉरवर्डिंग भलत्याच यंत्राकडे जातं. राउटरमध्ये लॅपटॉपसाठी तो पत्ता राखून ठेवा. विंडोजच्या फायरवॉलमध्येही फाउंड्रीला परवानगी हवी.

एवढं करून यश नाही, तर बहुतेक कारण सीजी-नॅट. आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास आढळतं : कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या साइटवरच्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही, कारण दार तुमच्या घराचं नाहीच. मग मार्ग तीन. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) घ्या, त्याचं भाडं वेगळं पडतं. पोर्ट न उघडता वाट करून देणारी सेवा वापरा : स्वतःचं डोमेन असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल लावा, किंवा टेलस्केल घ्या, मात्र ते प्रत्येक खेळाडूला आपल्या यंत्रावर टाकावं लागतं. नाहीतर फाउंड्री भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. आठवड्याला एक डाव असेल तर टनेल पुरतं.

आवाजासाठी डिस्कॉर्ड वापरा. साध्या, एचटीटीपीएस नसलेल्या लिंकवर ब्राउझर माइक देतच नाही, आणि लोक तासभर हेडफोनला दोष देत बसतात.

प्रश्न : नवा मॅप उघडायला मिनिटभर लागतं, एकाचा ब्राउझर तर बंदच पडतो. फाइल फक्त ८ एमबीची आहे. (नाशिक)

ही दोन वेगळी दुखणी आहेत. सर्व्हर तुमच्या घरी असेल तर ८ एमबीची फाइल पाच जणांना पाठवायची म्हणजे ४० एमबी, म्हणजेच ३२० मेगाबिट. तुमचा अपलोड वेग ५ एमबीपीएस असेल तर ६४ सेकंद झालीच. योजना घेताना आपण डाउनलोडचा आकडा बघतो, इथे कामाचा असतो तो अपलोडचा.

ब्राउझर बंद पडण्याशी मात्र फाइलच्या आकाराचा संबंध नाही. ग्राफिक्सच्या मेमरीत चित्र उलगडून ठेवलं जातं, दर पिक्सेलला ४ बाइट. १०,००० बाय १०,००० पिक्सेलचा मॅप डिस्कवर ८ एमबीचा असला तरी तिथे ४०० एमबी जागा खातो. साध्या लॅपटॉपला हे झेपत नाही.

उपाय लहान करण्याचा. फाउंड्रीत एका चौकोनाला १०० पिक्सेल हा मूळ हिशेब आहे, रोल२०मध्ये ७०. मॅप ३० बाय २० चौकोनांचा असेल तर फाउंड्रीसाठी ३००० बाय २०००, रोल२०साठी २१०० बाय १४००. पहिल्याला मेमरीत २४ एमबी लागतात, बस्स. फाइल वेबपी प्रकारात, क्वालिटी ८०च्या आसपास ठेवून सेव्ह करा. गिम्पमध्ये हे होतं. टोकनच्या चित्रांना ४०० बाय ४०० पुष्कळ झालं. पुढच्या खोलीचा मॅप आधीच पोहोचवायचा असेल तर फाउंड्रीत त्या सीनच्या (एका मॅपच्या पानाला तिथे सीन म्हणतात) नावावर राइट-क्लिक करून प्रीलोड निवडा. खेळाडू दुकानदाराशी घासाघीस करत असताना ते काम उरकतं.

याच मोजमापातून आणखी एक त्रास जातो. मॅपवर छापलेल्या रेघा आणि सॉफ्टवेअरची ग्रिड डाव्या कोपऱ्यात जुळते, पण उजवीकडे सरकत जाते, अशी तक्रार आम्हाला बऱ्याच वाचकांनी कळवली आहे. ३० चौकोनांचं चित्र २०४८ पिक्सेल रुंद असेल तर एक चौकोन ६८.२७ पिक्सेलचा होतो. तुम्ही ग्रिड ६८ लावलीत तर शेवटच्या रांगेपर्यंत ८ पिक्सेलची तूट साचते. ग्रिडशी झटापट करत बसू नका, चित्रच ३००० रुंद करा. त्याआधी कडेचा पांढरा भाग कापून चित्र बरोबर रेघेवर सुरू होतंय याची खात्री करा.

प्रश्न : फाउंड्रीत मला सगळं दिसतं, खेळाडूंना मात्र काळा पडदा. (कोल्हापूर)

गेम मास्टरला टोकन न निवडताही सगळा सीन दिसतो, म्हणून तुमच्या पडद्यावरून काहीच कळणार नाही. इन्कॉग्निटो खिडकीत खेळाडू म्हणून लॉगिन करा आणि मग शोधा.

पहिला संशयित : खेळाडूला त्या पात्राची ओनरशिप (ते वापरायचा हक्क) दिलेली नाही. दुसरा : टोकनचं व्हिजन, म्हणजे पाहण्याची सोय, बंद आहे. तिसरा : सीन अंधारा, टोकनची दृष्टी शून्य आणि जवळ दिवा नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर बरोबरच वागतंय, गुहेत मशाल न घेता गेल्यावर काय दिसणार? चौथा सर्वांत छळतो. तुम्ही पात्राच्या प्रोटोटाइप टोकनमध्ये (नव्या टोकनच्या साच्यात) व्हिजन सुरू करता, पण सीनवर आधीच ठेवलेल्या टोकनला तो बदल लागू होत नाही. ते टोकन पुसून पात्र पुन्हा ओढून आणा. एवढ्यानेही एकालाच काळं दिसत असेल तर त्याच्या क्रोममध्ये ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद आहे का बघा.

भिंतीतून उजेड गळत असेल तर दोन भिंतींची टोकं जुळलेली नाहीत. भिंत काढताना कंट्रोल दाबून ठेवली की पुढची भिंत आधीच्या टोकापासूनच सुरू होते.

प्रश्न : एका गॉब्लिनला बाण लागला की पाचही गॉब्लिनचे हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा) कमी होतात. (बेळगाव)

पाचही टोकन एकाच पात्राच्या आकड्यांना जोडलेली आहेत. फाउंड्रीत प्रोटोटाइप टोकनमधलं ‘लिंक ॲक्टर डेटा’ खेळाडूंच्या पात्रांना चालू आणि राक्षसांना बंद ठेवा. रोल२०मध्ये राक्षसाच्या टोकनवरच्या बारमध्ये आकडा भरा, पण तो शीटमधल्या हिट पॉइंटशी जोडू नका.

प्रश्न : एका खेळाडूला रात्रभरात एकदाही वीस पडत नाही. फासे खरे असतात का? शिवाय फोनवरून टाइप केलेली फाशांची आज्ञा चालत नाही. (सोलापूर)

वीस वेळा वीसबाजूंचा फासा टाकून एकदाही वीस न पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. म्हणजे तीनातल्या एका रात्री हे व्हायचंच. फाशांची काही चूक नाही.

आज्ञेचं कारण वेगळं. मराठी कीबोर्डवर देवनागरी आकडे उमटतात आणि या सॉफ्टवेअरना ते आकडे म्हणून कळत नाहीत. स्लॅश, आर, डी आणि आकडे सगळं इंग्रजी कीबोर्डवरूनच. दर वेळी कीबोर्ड बदलायचा कंटाळा येत असेल तर मॅक्रो (साठवून ठेवलेली आज्ञा) बनवून बटणावर ठेवा.

प्रश्न : राक्षसांची माहिती मराठीत करून इतर गटांना देता येईल का? (ठाणे)

येईल, कुठून घेता यावर अवलंबून. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ हा मूळ नियमांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. त्यातला मजकूर भाषांतरित करून वाटता येतो, श्रेयाची ओळ आणि बदल केल्याचा उल्लेख ठेवायचा. पण विकत घेतलेल्या पुस्तकांत आहे ते सगळं एसआरडीत नसतं. बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर यांचे तपशील त्यात नाहीत, ते आपल्या गटापुरतेच ठेवा. मॅपवरच्या मराठी नावांसाठी फाउंड्रीच्या सेटिंग्जमध्ये स्वतःचा फॉन्ट चढवता येतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही नीट वाचता येतो.

प्रश्न : फाउंड्रीची नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी का? (नागपूर)

मोहीम चालू असताना नाही. तुमची गेम सिस्टम (खेळाचे नियम) आणि प्रत्येक मॉड्यूल (जोडलेली जादा सोय) नव्या आवृत्तीवर चालतं हे आधी तपासा. नव्यात उघडलेलं वर्ल्ड (तुमच्या मोहिमेचा सगळा साठा) जुन्यात परत उघडत नाही. आवृत्ती ११ मध्ये तर डेटाबेसची घडणच बदलली होती. आधी वर्ल्ड बंद करून फाउंड्री थांबवा आणि डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. चालू फाउंड्रीची नक्कल अर्धवट निघू शकते. तो फोल्डर वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवूच नका, सिंक होताना फाइली अडकतात आणि डेटाबेस बिघडू शकतो.

प्रश्न : आम्ही तिघे पुण्यात, दोघे न्यू जर्सीत. वर्षातून दोनदा वेळेचा घोळ होतो. (पुणे)

आपल्याकडे शनिवारी रात्री ८.३० वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात सकाळचे ११ आणि हिवाळ्यात १० वाजलेले असतात. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. डावाची वेळ कायम भारतीय वेळेतच ठरवा आणि कॅलेंडरचं निमंत्रण पुण्यातल्याच कुणीतरी पाठवावं, म्हणजे तिकडच्यांच्या फोनवर तास आपोआप सरकेल.